एका फेंडरचा अट्टहास

शेवरलेट एसएसआर रस्त्यात उभी असली की लोक तिच्या छपराबद्दल विचारतात. पिकअप ट्रक, आणि त्याला उघडझाप करणारं पोलादी छप्पर! ऐकणारा आधी हसतो. मग मालक बटण दाबतो, छप्पर उचललं जातं, दुमडतं, सीटच्या मागे उभं शिरून नाहीसं होतं, आणि हसणारा गप्प होतो. छप्पर चांगलंच आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहितोच. पण माझ्या लेखी या गाडीतली खरी मर्दुमकी तिच्या पुढच्या फेंडरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पत्र्यात आहे. आयुष्य भोसरीतल्या टूलरूममध्ये, प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, घासण्यात गेलं. त्यामुळे कुठलीही गाडी समोर आली की माझे डोळे आधी पत्र्यावर जातात आणि बाकीची गाडी नंतर दिसते. हा दोष समजा किंवा धंद्याची सवय.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २००० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात शेवरलेटने एक नमुना मांडला. नाव सुपर स्पोर्ट रोडस्टर, म्हणून एसएसआर. पुढून पाहिलं तर १९४७ सालचा शेवरलेट ट्रक, बसायला दोन सीटा, वर उघडणारं छप्पर, मागे छोटासा हौदा. तो काळच तसा होता. फोक्सवॅगनने नवी बीटल आणलेली, क्रायस्लरची पीटी क्रूझर दारात उभी, फोर्ड जुन्या थंडरबर्डला पुन्हा जिवंत करण्याच्या तयारीत. प्रत्येकाने आजोबांची पेटी उघडून त्यातला कोट झटकायला घेतला होता. प्रदर्शनातले असे नमुने बहुधा प्रदर्शनातच राहतात. हा मात्र २००३ साली विक्रीला आला, त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या पुढे धावणारी गाडी, म्हणून मिरवला, आणि २००६ मध्ये बंदही पडला. सगळ्या मिळून चोवीस हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. अमेरिकेच्या मानाने हा आकडा म्हणजे काहीच नाही.

ज्याच्यावरून ही गाडी काढली तो मूळचा ट्रक मात्र लाखोंनी बनला. महायुद्ध संपल्यावर शेवरलेटने १९४७ च्या उन्हाळ्यात ट्रकची संपूर्ण नवी मालिका काढली, तिचं नाव ॲडव्हान्स डिझाइन. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ती चालली. गोल खांद्यांचं केबिन, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड आणि त्यांच्यात बसवलेले दिवे. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हा तोंडवळा अनोळखी वाटणार नाही. शेवरलेटची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता आणि सुटे भाग आणून तिथे शेवरलेट जोडल्या जात. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांबद्दल सरकारचं धोरण कडक झालं आणि १९५४ मध्ये तो कारखाना मिटला. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघाली. त्या सुरुवातीच्या काळात महामंडळाकडे ज्या दहाएक कंपन्यांच्या गाड्या होत्या त्यांत फोर्ड, बेडफर्डच्या बरोबरीने शेवरलेटही होती.

त्या जुन्या ट्रकला असा फुगीर मडगार्ड का होता? देखणेपणाचा भाग होताच, चाळिशीच्या दशकातल्या सगळ्याच गाड्या अशा गुबगुबीत होत्या. पण त्याच्या मागे कामाचं कारणही होतं. केबिन आणि बॉनेट अरुंद असायचं आणि चाकं त्याच्या बाहेर. बाहेरच्या चाकावर झाकण हवं म्हणून मडगार्ड वेगळा, बोल्टांनी बसवलेला. शेतातल्या फाटकाला घासला, चेपला, तर पान्याने बोल्ट सोडायचे आणि दुसरा लावायचा. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या, कारण माल सरकवायला पट्टी बरी आणि फळी कुजली तर गावातला सुतारही बदलून देतो. म्हणजे आज आपण ज्याला त्या ट्रकचं रूप म्हणतो त्यातलं बरंचसं दुरुस्तीच्या सोयीतून आलेलं आहे.

एसएसआरमध्ये रूप घेतलं आणि सोय सोडली. इथूनच इंजिनिअरांची परीक्षा सुरू झाली.

आजच्या गाडीत चाक अंगाच्या आत असतं. फेंडर म्हणजे बॉनेटपासून दरवाज्यापर्यंत जाणारी जवळपास सपाट भिंत, तिला चाकापुरती कमान. त्याच भिंतीला १९४७ सारखं पोट आणायचं, तेही बॉनेट आणि दरवाजा यांच्याशी मिलिमीटरच्या फटीत जुळवून, म्हणजे पत्रा खूप खोल ओढावा लागणार. मोटारींच्या धंद्यात इतका खोल ड्रॉ कित्येक दशकांत कोणी केला नाही, असं तेव्हा सांगितलं जायचं. मला ते पटतं. बाकीच्या जगाने सपाट पॅनेलांची सवय करून घेतली त्याला कारण आहे.

ज्यांनी प्रेसशॉप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो, कारण हा प्रकार कागदावर फार सोपा दिसतो. खाली डाय, वर पंच, मध्ये सपाट पत्रा, आणि पत्र्याच्या कडा दाबून धरणारा ब्लँक होल्डर. पंच आत शिरू लागला की कडेचा पत्रा सरकत सरकत आत येतो आणि आकार घेतो. होल्डरचा दाब कमी पडला तर कडेला सुरकुत्या. जास्त झाला तर पत्रा सरकतच नाही, नुसता ताणला जातो, पातळ होतो आणि वळणावर फाटतो. सुरकुती आणि फाट यांच्यामधली जी चिंचोळी वाट आहे तिच्यावर आमच्यासारख्यांचं पोट भरलं. घरातलं स्टीलचं पातेलं याच रीतीने निघतं. पण पातेलं गोल. पत्रा चारी बाजूंनी सारखाच आत येतो. फेंडरचं तसं नाही. एका अंगाला तो चाकावर फुगतो, दुसऱ्या अंगाला बॉनेटच्या कडेने सरळ जातो, पुढे दिव्यापाशी वळतो, मागे दरवाज्यापाशी मुकाट्याने सपाट होतो. जिथून पत्रा बेफाम धावतो तिथे डायमध्ये ड्रॉ बीड, म्हणजे उंचवट्याची पट्टी, ठेवून त्याला अडवायचं, जिथे अडकतो तिथे वळणाची त्रिज्या वाढवायची, वंगण बदलायचं, डायचा तो भाग आरशासारखा घासायचा. कॉम्प्युटरवर हे सगळं आधी बघता येतं. पण कॉम्प्युटरने पास केलेली डाय पहिल्या ट्रायआउटला, म्हणजे चाचणीला, पत्रा फाडते तेव्हा शेवटी दगड आणि एमरी पेपर घेऊन माणूसच वाकतो.

एवढं करून भागत नाही. प्रेस उघडली की पत्रा थोडा मागे फिरतो, त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. तो किती फिरेल याचा अंदाज धरून डायच वाकडी करावी लागते, म्हणजे भाग सरळ निघतो. शिवाय बाहेरून दिसणारा भाग असेल तर नुसतं माप बरोबर येऊन चालत नाही. पॅनेलवर तेलाचा हात फिरवायचा, ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं आणि उजेडाची रेघ कुठे डगमगते ते बघायचं. मग ऑइल स्टोन घासून खळगा शोधायचा. फुगीर पॅनेलवर ही रेघ लपत नाही. एसएसआर तर पिवळ्या आणि जांभळ्या अशा भडक रंगात विकली गेली. चूक झाली असती तर ती रस्त्याच्या पलीकडूनही दिसली असती.

जुन्या ट्रकचा मडगार्डही खोलच ओढलेला होता, हे खरं. पण त्याला जाड पत्रा होता, बोटभर फट चालायची, आणि डायचा खर्च वाटून घ्यायला लाखो ट्रक होते. तीच गोलाई या शतकात पातळ पत्र्यात, नेमक्या फटीत, आणि चोवीस हजार गाड्यांच्या हिशेबात काढायची हे मूळ कामापेक्षा कितीतरी अवघड. शेवरलेटच्याच कॉर्वेटची बॉडी कित्येक वर्षं फायबरसारख्या मिश्र पदार्थांची होत आली आहे. इथेही तोच रस्ता घेतला असता तर खर्च वाचला असता, आणि बघणाऱ्या दहातल्या नऊ जणांना कळलंही नसतं. त्यांनी पोलादच घेतलं. का, ते मला ठाऊक असायचं कारण नाही, पण मनातल्या मनात मी त्या टूलरूमला नमस्कार केलेला आहे.

आता छप्पर. ते बनवलं अमेरिकेतल्या एएससी कंपनीने. हाइन्झ प्रेक्टर नावाचा जर्मन तरुण अमेरिकेत शिकायला आला, १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गाड्यांना सनरूफ बसवून द्यायला लागला, आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. पुढे कारखानदारच तिच्याकडे येऊ लागले. उघड्या पिकअपचा नादही या कंपनीला नवा नव्हता. १९८९ मध्ये डॉजने डकोटा पिकअपची उघड्या छपराची आवृत्ती काढली होती, त्याचं कामही एएससीचंच. त्या वर्षी तीन हजारांच्या आत खपली आणि दोन वर्षांत संपली. त्या डकोटाला कापडी छप्पर होतं. सीटमागे एक जाड कमान उभी, तिच्यावर ताडपत्री. उन्हाळ्यात मजा, एरवी तंबू.

एसएसआरचं छप्पर पोलादी, दोन तुकड्यांचं. अडचण अशी की नेहमीच्या गाडीत असं छप्पर डिकीत जातं. इथे डिकीच्या जागी हौदा आहे, आणि त्यात छप्पर कोंबलं तर ट्रक म्हणायला उरतं काय? म्हणून ते दोन तुकडे एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि सीट व हौदा यांच्यामधल्या अरुंद कप्प्यात सरळ खाली उतरतात. सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत. यातली खोच बिजागरीत असते. प्रत्येक बिजागरीला कणभर सैलपणा लागतो आणि प्रत्येक सैलपणा पुढच्या टोकाला मोठा होऊन येतो. काच, रबर, पुढच्या चौकटीतली कडी, सगळं दर वेळी त्याच जागी येऊन बसलं पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात मांडीवर पाणी.

छप्पर कापलेल्या गाडीचा दुसरा रोग म्हणजे अंग ढिलं पडतं. साध्या मोटारीत छप्पर हा सांगाड्याचाच भाग असतो, तो काढला की खड्ड्यात गाडी पिळवटते. ट्रकला इथे फायदा मिळतो, कारण त्याच्याकडे खाली स्वतंत्र शिडीसारखी चासी असते आणि भार तीच पेलते. एसएसआरची चासी शेवरलेटच्या ट्रेलब्लेझर या मोठ्या गाडीच्या घराण्यातली. तिचे लांब दांडे हायड्रोफॉर्मिंगने केलेले. पोलादी नळी डायमध्ये ठेवून आत प्रचंड दाबाने पाणी सोडतात, नळी फुगून डायच्या भिंतीला जाऊन बसते. जोड कमी, वजन कमी, ताकद जास्त. फेंडर पंचाने ओढलेला आणि चासी पाण्याने फुगवलेली, म्हणजे धातूला आकार देण्याच्या दोन टोकाच्या रीती एकाच गाडीत.

पण याच चासीपाशी माझं कौतुक अडतं.

जुन्या रूपाच्या गाड्यांना नावं ठेवणारे म्हणतात की नवीन सुचत नाही म्हणून जुनं उचलायचं, हा आळस आहे. एसएसआरच्या आकारात मला आळस दिसत नाही. इतक्या कष्टाने काढलेल्या फेंडरला आळशी म्हणणारा माणूस कधी प्रेससमोर उभा राहिलेला नाही. आळस आहे तो त्या फेंडरच्या खाली. मोठ्या कुटुंबाला घेऊन फिरण्यासाठी केलेली चासी तयार होती, तीच घेतली. मग वजन दोन टनांच्या वर गेलं. त्यात पहिल्या दोन वर्षांत ५.३ लिटरचं, ३०० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक. आकडा ऐकायला भारी वाटतो, पण साठ मैलांचा वेग गाठायला साडेसात-आठ सेकंद. नावात सुपर स्पोर्ट, किंमत बेचाळीस हजार डॉलरच्या आसपास, आणि सिग्नलवर शेजारची साधी गाडी पुढे निघून जाणार. २००५ मध्ये ही चूक सुधारली. कॉर्वेटच्या घरातलं ६ लिटरचं एलएस२ इंजिन आलं, शक्ती ३९० वर गेली, हाताने बदलायचा सहा गिअरचा खोकाही मिळू लागला, आणि तोच वेग साडेपाच सेकंदांवर आला. गाडी शेवटी दिसते तशी पळू लागली. पण ज्यांना घ्यायची होती त्यांनी आधीच घेतली होती, आणि ज्यांनी नाही म्हटलं होतं ते परत आले नाहीत.

हौद्याचं तर बोलूच नये. वर घट्ट झाकण, आत वेगळे पैसे भरून लाकडी पट्ट्या. जुन्या ट्रकमध्ये फळ्या होत्या कारण त्या बदलता येत. इथे त्यांच्यावरून पोतं ओढायची कोणाची छाती होणार नाही. आमच्याकडे चाकण-मंचरच्या रस्त्यावर पिकअपचा मागचा भाग बघून गाडीचं वय सांगता येतं. एसएसआरचा हौदा आजही नवाकोरा असतो, आणि ट्रकच्या बाबतीत ही काही तारीफ नव्हे.

ती बनायची मिशिगनच्या राजधानीत, लॅन्सिंगमधल्या क्राफ्ट सेंटरमध्ये. या इमारतीचा इतिहास वाचला तेव्हा मला कंपनीपेक्षा तिथल्या कामगारांचं जास्त वाटलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे ब्युइक रियाटा नावाची दोन सीटांची गाडी बनायची, सरकत्या पट्ट्याऐवजी ठिकठिकाणी थांबून, हाताने केल्यासारखी. ती बंद झाली. मग ईव्ही१, ती प्रसिद्ध विजेची गाडी, जी कंपनीने लोकांना फक्त भाड्याने दिली आणि नंतर परत घेऊन बहुतेक मोडीत काढली. मग कॅडिलॅकच्या एल्डोराडोची शेवटची खेप. मग एसएसआर. ज्या कामाला मोठ्या कारखान्यात जागा नाही ते इथे यायचं, आणि लाडाचं काम फार दिवस टिकत नाही. २००६ मध्ये एसएसआरसोबत कारखानाच बंद झाला. आमच्या तळेगावला याच जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला आणि २०२० संपताना थांबला. तिथे पार्ट पुरवणाऱ्या छोट्या शेडवाल्यांना मी ओळखतो, म्हणून लॅन्सिंगचं वाचताना ती तिथली गोष्ट वाटली नाही.

मी ही गाडी जवळून बघितली ती मिशिगनमध्येच. लेक-जावई तिकडे असतात. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९९५ साली फर्नडेल गावात सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झाला आणि आता मैलोन् मैल पसरलाय. दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि आपली जत्रा असते तशा गाड्या हळूहळू पुढे सरकत राहतात. तिथे एका पार्किंगमध्ये पिवळी एसएसआर उभी होती आणि तिच्या शेजारी, योगायोगाने की ठरवून कोण जाणे, १९५० च्या आसपासचा हिरवा शेवरलेट ३१००, त्याच जुन्या मालिकेतला ट्रक. दोघांचे मालक म्हातारे, दोघे मित्र.

मी परवानगी मागून दोन्ही फेंडरवरून हात फिरवला. हिरव्याच्या आत हात घातला तर बोल्ट लागले, पत्र्याची कडा जाड, आतून रंगाचे ओघळ तसेच. पिवळ्याच्या गोलाईवरून तळवा नेला तर कुठे अडला नाही. सगळ्यात खोल जागी, जिथे पत्रा सगळ्यात पातळ झाला असणार, तिथे मी अंगठ्याने हलकं दाबून पाहिलं. पत्रा ढिला नव्हता. जावई म्हणाला, “बाबा, हळू. ते बघतायत.” बघत होते, पण रागाने नाही. मी काय काम करायचो ते जावयाने सांगितलं तेव्हा पिवळीच्या मालकाने छप्पर दाखवायचं सोडलं आणि तोही वाकून फेंडर बघायला लागला. इतक्या वर्षांत तिथे कोणी आधी हात लावला नव्हता म्हणे.

मी विचारलं, चेपला तर काय करता? हिरव्याचा मालक खूश झाला. त्याच्या ट्रकचे मडगार्ड आजही नवे छापून विकणाऱ्या कंपन्या आहेत; कॅटलॉगमधून मागवायचा, रंगवायचा, बोल्ट आवळायचे. पिवळीवाल्याचं तोंड पडलं. त्याच्या गाडीचे बरेच भाग कंपनीने केव्हाच बंद केलेत, अपघातात गेलेल्या गाड्यांचे फेंडर लोक शोधत फिरतात आणि मागाल ती किंमत देतात. म्हणून तो मॉलमध्ये सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गाडी लावतो आणि पावसातही चालत जातो. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग मिळतो आणि या शतकातल्या गाडीचा मिळत नाही.

“तुम्ही करून द्याल का डाय?” त्याने मला विचारलं.

मी म्हणालो, करून देईन, पण मग परवडायला निदान पाच हजार फेंडर घ्यावे लागतील.

त्याने जरा विचार केला. “दोन्ही बाजूंचे मिळून?”

“नाही,” मी म्हणालो, “डाव्याची डाय वेगळी.”